रासकरांच्या ओट्याचा खटला

"बाई, तुम्ही जरा थांबून आला असतात तर बरं झालं असतं," चौबळ सर म्हणाले. "अजून उद्घाटन व्हायचंय."

मैनाबाई लोणारी दाराला बांधलेली लाल फीत हाताने वर करून, तिच्याखालून वाकून आत आल्या होत्या. बाहेर 'मोफत कायदा सल्ला केंद्र' अशी पाटी होती, पाटीच्या आत टेबल होतं, टेबलामागे आम्ही होतो. सल्ला मिळायला आणखी काय लागतं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांचा शिक्षणसंस्थांशी कधी संबंध आला नव्हता.

आमचं लॉ कॉलेज म्हणजे संस्थेचं सावत्र मूल. त्याच इमारतीत सकाळी बालवाडी भरायची, दुपारी कॉमर्स, आणि सगळे घरी गेले की कायदा. भिंतीवर अननस, आगगाडी, इमारत अशी चित्रं आणि त्यांच्याखाली गुडघे हनुवटीला लावून बसलेले आम्ही भावी वकील. त्या वर्षी तपासणी समिती येणार होती. गोरगरिबांना मोफत सल्ला देणारं केंद्र कॉलेजात असलंच पाहिजे, असा काहीतरी नियम होता. म्हणून सायकल स्टँडशेजारची खोली झाडून घेतली आणि केंद्र काढलं. गोरगरीब कुठून आणायचे, यावर एक बैठकही झाली होती. त्या बैठकीतून काही निष्पन्न होण्याआधीच मैनाबाई स्वतःच्या पायांनी आल्या.

केंद्राचे प्रमुख चौबळ सर. सर आयुष्यात एकदाच कोर्टाची पायरी चढले होते, तीही साक्षीदार म्हणून. ज्या बाजूने साक्ष द्यायला गेले, त्याच बाजूच्या वकिलाने त्यांना उलटलेला साक्षीदार म्हणून जाहीर करून घेतलं. ही गोष्ट सर स्वतः कौतुकाने सांगत. "मला नेहमी दुसरी बाजू दिसते," ते म्हणत, "हाच माझा दोष." हा दोष त्यांनी इतका जपला होता की त्यांच्या वर्गात खुनाच्या खटल्यातसुद्धा शेवटी मयताचं जरा चुकलंच, असं वाटायला लागे.

मैनाबाईंची गोष्ट साधी होती. लोणार गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं. मोठ्या रस्त्याला यायला एकच सामाईक बोळ. नवरा गेल्यापासून त्या एस.टी. स्टँडच्या बाहेर पडायच्या फाटकाशी भज्यांची हातगाडी लावत होत्या. शेजारच्या वामन रासकरांनी आता दारापुढे त्या बोळात ओटा बांधला होता, पायऱ्यांसकट. माणूस जात होता, शेळी जात होती, गाडी जात नव्हती. गाडी अंगणात अडकून पडली होती, आणि स्टँडवरच्या जागेचा काही सातबारा नसतो. रिकामी दिसली की ज्याची गाडी आधी लागेल त्याची. एक उसाचा रसवाला दोनदा येऊन जागेकडे बघून गेला होता.

"ओटा तेवढा हटला पायजे," मैनाबाई म्हणाल्या. "भांडायचं न्हाई मला. वामनभाऊजी मानूस वाईट न्हाई. पर मी बोलले की नुसतं व्हय व्हय करत्यात. कुनी शिकलेल्यानं जाऊन सांगितलं की लगेच करतील."

एवढ्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीश गिरमे साहेब उद्घाटनाला आले. फोटोग्राफर म्हणाला, लाभार्थी आधीच आत दिसला तर फोटोत मजा येणार नाही. मग मैनाबाईंना बाहेर नेलं, साहेबांच्या शेजारी उभं केलं, फीत कापली, आणि त्या पुन्हा आत आल्या. या वेळी टाळ्या पडल्या. चौबळ सरांनी त्यांना नारळ दिला. त्या नारळ घेऊन ओट्याचं काय, असं विचारत होत्या, पण तोवर अल्पोपाहार सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, मी रासकरांकडे जाऊन बोलून येतो.

"बोलून?" सर म्हणाले. "वझे, बोलणं गावातली न्हावी मंडळीपण करतात. आपण कायदा शिकवतो. आणि दुसऱ्या बाजूचं काय? रासकरांना वकील नको?"

मी म्हटलं, रासकरांनी मागितलेला नाही.

"त्यांना माहीतच नाही की तो मिळतो. यालाच अज्ञान म्हणतात. आपलं केंद्र त्यासाठीच आहे."

आणि सरांनी रासकरांना हेमलता भंडारी दिली.

हेमलता आमच्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. तिला कुठलीही बाजू द्या, ती दहा मिनिटांत तिची होऊन जायची. वादविवाद स्पर्धेत सकाळी 'हुंडा पद्धती'च्या विरुद्ध आणि दुपारी, स्पर्धक कमी पडला म्हणून, दुसऱ्या गटातून विषयाच्या बाजूने बोलून तिने दोन्ही बक्षिसं आणली होती. ती वाईट नव्हती. ती तयार होती, एवढंच.

आम्ही दोघं रासकरांकडे गेलो. रासकर वीज मंडळातले निवृत्त लाइनमन. जन्म खांबावर गेल्यामुळे जमिनीवरच्या माणसांशी ते फार नम्रतेने वागत. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा ठेवायला सांगितलं आणि आम्ही काही विचारायच्या आधीच कानकोंडे झाले. बायकोचे गुडघे गेलेत, उंबरठा उंच आहे, म्हणून ओटा घातला. वैनीच्या गाडीचं ध्यानातच आलं नाही. सिमेंट वाळल्यावर ध्यानात आलं. पायऱ्या समोर न घेता भिंतीलगत वळवल्या तर दोघांचंही भागतंय, गवंड्याशी बोलणं झालंय, येत्या रविवारी फोडून टाकतो.

म्हणजे चहाला उकळी यायच्या आत प्रकरण मिटलं होतं. मी समाधानाने कपाची वाट बघत होतो.

"काका," हेमलता म्हणाली, "तुम्ही काहीही फोडू नका."

रासकरांनी माझ्याकडे बघितलं.

"आज तुम्ही ओटा फोडलात की तो बेकायदेशीर होता, अशी तुमची कबुली झाली. उद्या त्या तुमच्या भिंतीवर हक्क सांगू शकतात."

"वैनी भिंत मागंल?"

"मागतील असं मी म्हणत नाही. मागू शकतात."

रासकर बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. चाळीस वर्षं त्या भिंतीत राहून त्यांना ती कुणी मागेल अशी शंका आली नव्हती. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं की अजून आपल्याला काय काय हक्क आहेत. हेमलता वही घेऊनच आली होती. चहा आला तेव्हा रासकर पाठ ताठ करून बसले होते, आणि मला साखर किती, हे त्यांनी हेमलतेला विचारून घेतलं.

रविवारी गवंडी आला आणि ओट्याला गिलावा करून गेला.

पक्षकारांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, वकिलांमार्फतच बोलायचं, असा सरांचा दंडक होता. त्यामुळे लोणार गल्लीचं टपालखातं आमच्याकडे आलं. रासकर दारात उभे राहून, चार हातांवर धुणं वाळत घालणाऱ्या मैनाबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगत की तुमच्या अशिलाच्या शेळीनं आमची मेथी खाल्ली. मैनाबाई मला सांगत की भाऊजींना म्हणावं, मेथी कुठली, नुसतं गवात होतं ते. मी ते हेमलतेला सांगे, हेमलता रासकरांना सांगे, आणि रासकर म्हणत, "ऐकलं म्या."

या व्यवस्थेत सगळ्यांत जास्त हाल रासकरकाकूंचे झाले. त्यांचे गुडघे रोज संध्याकाळी मैनाबाई तेल लावून चोळून देत. आता विरुद्ध पक्षाकडून गुडघे चोळून घेणं योग्य नाही, असं ठरलं. ज्या गुडघ्यांसाठी ओटा बांधला ते गुडघे घेऊन काकू ओट्यावर बसून राहायच्या. आणि मैनाबाई अंगणात गाडीची चाकं पुसत राहायच्या. धंदा बंद होता. घरात भजी तळून त्या टोपलीतून स्टँडवर न्यायच्या, पण गार भजी प्रवासी हातात घेऊन परत ठेवत.

मी सरांना म्हटलं, नगरपालिकेत साधा अर्ज टाकू.

"अर्ज हे कारकुनाचं काम," सर म्हणाले. "मी हे प्रकरण अभिरूप न्यायालयाला घेतलंय."

अभिरूप न्यायालय म्हणजे लुटुपुटूचं कोर्ट. मुलांनी वकील व्हायचं, दोन्ही बाजूंनी भांडायचं, कुणीतरी मोठा माणूस न्यायाधीश म्हणून बसवायचा. दरवर्षी सर त्यासाठी कुठल्यातरी काल्पनिक राज्यातलं काल्पनिक भांडण तयार करत. या वर्षी खरं भांडण आयतं मिळालं होतं. मी म्हटलं, सर, पण तोवर बाईंची जागा जाईल. सर म्हणाले, त्याने युक्तिवादाला धार येईल.

कार्यक्रम संस्थेच्या सभागृहात झाला. तपासणी समिती पहिल्या रांगेत होती. तिच्या शेजारी मैनाबाई आणि रासकर पतीपत्नी, मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून. सगळे धुतलेल्या कपड्यांत. कॉलेजचा शिपाई सखाराम खांद्यावरून लाल पट्टा घालून आला होता. त्याने छातीत श्वास भरून 'मैनाबाई लोणारी हाजिर हो' अशी आरोळी दिली, तेव्हा मैनाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. रासकरांचा पुकारा झाला तेव्हा त्यांनी टोपी काढली. व्यासपीठावर गिरमे साहेब काळा झगा घालून बसले होते. तो त्यांचा खराच झगा होता.

मी मैनाबाईंची बाजू मांडली. बोळातून गाडी न्यायची वहिवाट किती जुनी आहे, हे सांगितलं. बरा बोललो. शेवटी आवाज थोडा कापला तोसुद्धा खरा कापला होता.

मग हेमलता उभी राहिली. ती म्हणाली, वहिवाट मान्य आहे, पण ती पायांची आहे, चाकांची नाही. माणसाच्या पायवाटेवरून आज हातगाडी गेली तर उद्या ट्रक जाईल. मग तिने रासकरकाकूंच्या गुडघ्यांकडे हात केला. ती गुडघ्यांवर इतकं बोलली की समितीतल्या एका वयस्कर सदस्याने नकळत स्वतःचा गुडघा दाबला. मैनाबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या गुडघ्यांचं दुखणं त्यांच्याइतकं कुणाच्या हाताला माहीत नव्हतं.

आता इथे एक प्रथा सांगायला हवी. या लुटुपुटूच्या कोर्टात खटल्याचा निकाल देत नाहीत. निकाल बोलणाऱ्यांचा देतात. उच्चार, हावभाव, वेळेचं भान असे गुण असतात. ओटा राहावा की जावा, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर पाहुणे गोंधळतात.

गिरमे साहेबांनी हातोडा आपटला आणि म्हणाले, "प्रतिवादी पक्षाच्या कुमारी हेमलता भंडारी यांना मी विजयी घोषित करतो."

टाळ्या झाल्या. ढाल दिली. समितीने उभं राहून अभिनंदन केलं. या गोंधळात मैनाबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, त्या रागावतील.

"लई चांगलं बोललात, वकीलदादा," त्या म्हणाल्या. "जिवाला लावून घिऊ नगा. एखाद्याच्या नशिबात नसतंय."

मी समजावून सांगू लागलो तेवढ्यात फोटोसाठी मला ओढून नेलं. फोटोत उभा असताना मला दिसलं की मैनाबाई मधली मोकळी खुर्ची ओलांडून रासकरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "जिंकलात, भाऊजी." जिंकलेल्या माणसाचा इतका पडलेला चेहरा मी पुढे आयुष्यात पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रासकर माझ्या खोलीवर आले. बसायला तयार नव्हते.

"वझेसाहेब, आता ओटा फोडायचा कसा?"

मी म्हटलं, पहारीने.

"आन् कोर्टाची बेअदबी? जजसाहेबांनी भर सभेत ओट्याच्या बाजूनं निकाल दिला. आता मीच फोडला तर मला आत घालतील. मंडळाची पेन्शन हाय माझी."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते कोर्ट खोटं होतं. सखाराम शिपाई आहे, रोज तो फळा पुसतो. निकाल भाषणाचा होता, ओट्याचा नव्हता. रासकर शेवटपर्यंत ऐकून घेत होते आणि त्यांच्या तोंडावर माझ्याबद्दलची कणव वाढत चालली होती.

"हरलेला वकील असंच म्हनतो," ते म्हणाले. "माझा मेव्हना चार कोर्टं हरला. चारही खोटी होती म्हनायचा."

मैनाबाईंकडे गेलो. त्यांचंही तेच. जजसाहेबांनी सांगितलं ते सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांनी जन्मात कधी सरकारचा शब्द मोडला नव्हता, त्या कशा मोडणार? गाडी विकून टाकावी म्हणतात. रसवाला विचारत होता.

मी हेमलतेला गाठलं. तिने एकदा त्यांना सांगितलं तर रासकर ऐकतील, ती जिंकलेली आहे. हेमलता ढालीवरचं नाव बघत म्हणाली की रासकर तिचे अशील आहेत, आणि त्यांचा विजय खोटा आहे असं त्यांना सांगणं अशिलाच्या हिताविरुद्ध होईल. हे तिने फार छान मांडलं. मांडून झाल्यावर मात्र तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मग मी गिरमे साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेब झोपाळ्यावर बसून शेंगा खात होते. मी म्हटलं, साहेब, तुम्ही एक वाक्य त्यांना येऊन सांगा की निकाल दिलेला नाही.

"दिलेला नाहीच," साहेब म्हणाले.

"मग तेवढंच सांगा."

"अहो, जो निकाल मी दिला नाही, तो मी मागे कसा घेणार?" त्यांनी एक शेंग फोडली. "कायद्यात तशी तरतूद नाही."

राहिले चौबळ सर. त्यांना सगळं ऐकून अतोनात आनंद झाला. आपल्या कॉलेजच्या कोर्टाचा निकाल पक्षकार इतक्या श्रद्धेने पाळतात, हे समितीला कळवलं पाहिजे, म्हणाले. मी म्हटलं, सर, बाई गाडी विकायला निघाल्यात. सर म्हणाले, मग अपील करा. पुढच्या वर्षी अपिलाचं अभिरूप न्यायालय घेऊ. फक्त त्यात बाजू बदलायच्या, म्हणजे मुलांना दोन्हीकडचा सराव होतो.

"म्हणजे मी रासकरांकडून?"

"अर्थात. ओट्याच्या बाजूने तुमची बोलायची तयारी अगदीच कच्ची आहे."

सरांच्या खोलीतून मी सरळ लोणार गल्लीत गेलो. रासकर ओट्यावर बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि पहिल्यांदाच त्यांना पटेल असं बोललो. म्हटलं, तुमचं बरोबर आहे. कोर्ट खरं होतं. निकाल पक्का आहे.

रासकर खिन्नपणे मान हलवत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "हा निकाल लागू कुनाकुनावर?"

"तुमच्यावर आणि मैनाबाईंवर."

"वकिलांवर?"

"वकिलांवर नसतो."

रासकरांनी गल्लीत वर-खाली बघितलं. मैनाबाई अंगणात गाडीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं आणि शेळीशी बोलायला लागल्या.

"पहार टाकीमागं असती," रासकर म्हणाले. "म्या काय तुमाला दिली न्हाई. आमी दोघं आता देवळात चाललोय."

काकूंना घराच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या, देऊळ तर टेकडीवर होतं. म्हणून ते दोघं घरात गेले, दार लावून घेतलं आणि देवळात गेल्यासारखे बसले. मी टाकीमागून पहार आणली. तोवर मी कधी पहार उचलली नव्हती. पहिला घाव ओट्याला लागला, दुसरा माझ्या चपलेला.

"वरनं काय उपयोग न्हाई, साहेब," खिडकीतून आवाज आला. "सांध्यात घाला."

"तुम्ही देवळात आहात," मी म्हटलं.

"हितनं दिसतंय."

मी घाम पुसत सांध्यात पहार घातली. आतून काकू म्हणाल्या की पोराला पाणी तरी द्या, आणि रासकर त्यांना म्हणाले की पाणी दिलं तर ते सामील होणं होतं. ओटा सुटायला लागला तसतसे रासकर खिडकीत अधिकाधिक पुढे येत गेले. शेवटची पायरी निखळली तेव्हा त्यांचा अर्धा देह देवळाबाहेर होता. मग दार उघडलं. ते बाहेर आले, तुकडे झालेल्या ओट्याकडे बघून मोठ्याने "अरेरे" म्हणाले, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, आणि खाली वाकून विटा उचलून नव्या पायऱ्यांसाठी भिंतीलगत रचायला लागले. मैनाबाईंनी घरातून स्टोव्ह, कढई आणि पिठाचं पातेलं आणून गाडीवर चढवलं आणि दांडा धरला. रासकरांनी मागून हात लावला. गाडी बोळातून कुठेही न घासता बाहेर पडली. काकू दारातून म्हणाल्या, "सांजच्याला तेल घेऊन ये गं मैना." त्यावर कुणी वकिलामार्फत काही कळवलं नाही.

गाडी ढकलत आम्ही तिघं स्टँडकडे निघालो. मैनाबाई पुढे. मला वाटत होतं, फार तर रसवाल्याशी दोन शब्द होतील. फाटकापाशी आलो तर रसवाला रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभा होता. त्याने आम्हाला बघून नुसतं बोट दाखवलं. त्याला त्या जागेवरून तासाभरापूर्वीच उठवलं होतं. सार्वजनिक जागा कुणाच्या बापाची नसते, असं त्याला समजावून सांगण्यात आलं होतं.

मैनाबाईंच्या जागेवर टेबल होतं. टेबलावर हिरवं कापड, दोन खुर्च्या, आणि वर दोन बांबूंना बांधलेली पाटी: 'मोफत कायदा सल्ला केंद्र, आता आपल्या दारी'. तपासणी समितीने खूष होऊन केंद्राचा विस्तार करायला सांगितलं होतं, आणि चौबळ सरांना गावात नेमकी एक मोकळी जागा सापडली होती. जागा धरून ठेवायला मैनाबाईंनी तिथे एक वीट ठेवली होती, स्टँडवर तशी रीत असते. टेबलाचा एक पाय आखूड होता. तो त्या विटेवर टेकवलेला होता. सर मध्ये बसले होते, बाजूला हेमलता. त्यांच्या मागे बांबूला उद्घाटनाचा मोठा केलेला फोटो लटकत होता, त्यात गिरमे साहेब, सर आणि नारळ घेतलेल्या मैनाबाई.

मैनाबाईंनी गाडी टेबलाला लागेपर्यंत पुढे नेली आणि थांबवली.

"या बाई, या," सर म्हणाले. त्यांनी मैनाबाईंना ओळखलं नव्हतं. डोक्याच्या मागे फोटो होता आणि समोर बाई होती, त्यामुळे दोन्ही एकदम दिसण्याची सोय नव्हती. "घाबरायचं नाही. इथे सगळं मोफत आहे. नाव सांगा."

हेमलतेने ओळखलं होतं.

"मैना लोणारी."

सरांनी लिहिलं. "तक्रार?"

"माझ्या धंद्याच्या जागेवर दुसरंच कुनी टेबल टाकून बसलंय."

"अतिक्रमण," सर म्हणाले आणि तेही लिहिलं. "फार वाढलंय हल्ली. विरुद्ध पक्षाचं नाव?"

"तेच इचारनार होते," मैनाबाई म्हणाल्या. "तुमचं नाव काय?"

सरांचं पेन थांबलं. त्यांनी टेबलाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, गाडीमागे उभ्या असलेल्या माझ्याकडे आणि माझ्या फाटक्या चपलेकडे बघितलं. रासकर टोपी काढावी की ठेवावी, या विचारात होते. फाटकातून एक एस.टी. सुटत होती, तिच्या खिडक्यांतून लोक बघायला लागले होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला.

"हे बघा बाई. याला एक दुसरी बाजू आहे."

मैनाबाईंनी वाकून स्टोव्हला काडी लावली. कढई ठेवली.

"सांगा की," त्या म्हणाल्या. "तेल तापेस्तोवर ऐकते."

सरांनी सुरुवात केली. सार्वजनिक जागा म्हणजे काय, इथपासून केली. पिठात कांदा पडला, हात फिरला, तेलावर एक थेंब सोडून बघितला गेला. पहिला घाणा कढईत उतरला तेव्हा सर अजून प्रस्तावनेतच होते. त्या चर्र आवाजावर हेमलता उठली. तिने हिरवं कापड काढून घडी केली, टेबलाचं एक टोक धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी जाऊन दुसरं टोक धरलं.

आम्ही टेबल उचललं तेव्हा सरांनी बोलणं न थांबवता कोपरं तेवढी वर घेतली.